गांजाने मेंदूत नवीन पेशी येतात? तो प्रयोग गांजाचा नव्हताच
गांजा ओढला की मेंदूत नव्या पेशी तयार होतात असा मेसेज परत फिरतोय, काल माझ्या भाच्यानेच पाठवला म्हणून लिहितेय. मूळ प्रयोग २००५ चा, कॅनडातल्या सस्कॅचेवान युनिव्हर्सिटीचा, आणि उंदरांवरचा, त्यांना गांजा दिलाच नव्हता, एचयू-२१० नावाचं लॅबमध्ये बनवलेलं, टीएचसीपेक्षा (गांजातला नशा आणणारा घटक) कितीतरी पट स्ट्राँग केमिकल दिवसातून दोनदा असं दहा दिवस टोचलेलं. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंधित भागात, नव्या पेशी वाढल्या हे खरंय. पण ते थेट माणसाला कसं लावता? मोठ्या माणसांमध्ये तिथे नव्या पेशी बनतात की नाही यावरच २०१८ मध्ये दोन टीम्सचे निष्कर्ष अगदी उलटसुलट आले. भाचा सोळाचा आहे, त्याला हा मेसेज म्हणजे परवानगीच वाटली, प्लीज पुढे पाठवू नका.