कानाला बरं वाटतंय ना, मग मारा टिक

भावांनो, स्पर्धा परीक्षेत स्पॉटिंग एररचा, म्हणजे इंग्रजी वाक्यातली चूक शोधायचा, प्रश्न आला की वाक्य मनातल्या मनात वाचायचं आणि कानाला खटकतंय का बघायचं, बास. कान कुठला म्हणाल तर आपलाच, सांगलीचा, विश्रामबागेत वाढलेला, ‘हिकडं ये की’ ऐकत मोठा झालेला, पण इंग्रजीचा जज्ज तोच. ‘वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ कसं गोड लागतंय बघा, आपण प्रॉब्लेमबद्दलच चर्चा करतो, मग ते ‘बद्दल’ कुठंतरी बसायला नको? डिस्कसच्या पोटात अबाउट आधीच आहे म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ‘रिटर्न बॅक’चं पण तेच, आयर्विन पुलावरनं आपण रोज परत माघारी येतोच की!

कर्ता शोधायच्या भानगडीत तर पडूच नका. ‘द बॉक्स ऑफ मँगोज आर ऑन द टेबल’, आंबे किती? लय. मग आरच. क्रियापद पेटीचं आहे आणि पेटी एकच आहे, पण पेटी कोण खातंय. काल अभ्यासिकेत शेजारचा पोरगा भडंगाची पुडी मांडीवर घेऊन ‘ईच ऑफ द बॉईज हॅव’वर पंधरा मिनिटं बसलेला, म्हणला बॉईज आहेत म्हणजे हॅवच की. मी म्हटलं, मराठीत ‘पोरांपैकी प्रत्येकजण आले’ म्हणतोस का? म्हणला, छे, अडाणी हाय का मी. आणि ‘नो एरर’, म्हणजे चूकच नाही, ह्या ऑप्शनवर टिक मारली, तेलकट अंगठ्यासकट.

नो एरर म्हणजे तर देवमाणूस, काय सापडलं नाही की त्याच्याच पाया पडायचं. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीच्या सीजीएल परीक्षेत टियर १ ला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, बरोबरला २ मार्क आणि चुकलं की ०.५० कट, म्हणजे चार चुकांत एक बरोबर उत्तर गेलं, पण एवढा हिशोब गणिताच्या सेक्शनला करायचा, इथं कशाला.

एमबीएला परदेशी जाणाऱ्यांनी जीमॅटचं सेंटेन्स करेक्शन घासून काढा. पाच ऑप्शन, पहिला कायम मूळ वाक्यच, आणि ‘बीइंग’ दिसलं की डोळे झाकून काट. २०२३ ला आलेल्या नव्या जीमॅटमधनं हा प्रकारच काढून टाकलाय, पण रद्दीवाल्याकडनं जाड पुस्तक निम्म्यात घेतलंय ना, मग ते वसूल कोण करणार?

माझं म्हणाल तर मी ‘नो सूनर’पाशी अडकलोय, पुढं व्हेन का दॅन. मागच्या तिन्ही अटेम्प्टला व्हेन कानाला बरं वाटलेलं. ह्या वेळी पण वाटतंय.