तंजावरच्या देवळाची सावली पडत नाही म्हणे, मग आम्ही बसलो होतो कशात?

फॅमिली ग्रुपवर परवा परत तोच मेसेज आला, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचा. "या मंदिराच्या शिखराची सावली दिवसभरात कधीच जमिनीवर पडत नाही, दुपारी १२ ला तर अजिबात नाही, जगातली अशी एकमेव वास्तू, नासालाही कोडं सुटलं नाही." खाली हात जोडलेले आठ-दहा इमोजी. मामांनी टाकलेला म्हणून गप्प बसणार होतो पण राहवेना, कारण गेल्या डिसेंबरात आम्ही त्याच सावलीत चांगले अर्धा तास बसलो होतो.

"दिवसभरात कधीच नाही" हे आधी घेऊ. सकाळी साडेनऊच्या सुमाराला आत गेलो, चपला बाहेर काढलेल्या, ऊन चढायला लागलेलं. शिखराच्या वायव्येला अंगणात हा भलामोठा काळा त्रिकोण पसरलेला, टोकाला घुमटाचा फुगवटाही ओळखू येत होता, कडा मात्र पुसट (सूर्य म्हणजे काही ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे लांबच्या सावलीची कड अशी विरघळल्यासारखीच दिसते). आणि गंमत म्हणजे एवढ्या मोठ्या अंगणात माणसं बसलेली कुठे, तर बरोब्बर त्या त्रिकोणात! आईचे गुडघे दुखत होते म्हणून ती पण तिथेच टेकली, वीसेक मिनिटांत ऊन तिच्या पायावर आलं, सरकली, परत आलं, परत सरकली. आकडाच हवा असेल तर शिखर साधारण ६० मीटरच्या वर, डिसेंबरात त्या वेळी तिथे सूर्य क्षितिजापासून ३७-३८ अंशांवर, म्हणजे सावली ७५-८० मीटर लांब. सूर्य ४५ अंशांवर असला की सावली उंचीएवढी आणि त्याच्या खाली असला की उंचीपेक्षा जास्त, एवढा साधा हिशोब आहे.

आता "दुपारी १२ ला पडत नाही". यात थोडं तथ्य आहे आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथूनच निघाली असणार. तंजावर विषुववृत्ताच्या साधारण १०.८ अंश उत्तरेला आहे. म्हणून एप्रिलच्या १८-१९ ला आणि ऑगस्टच्या २४-२५ च्या आसपास माध्यान्ही सूर्य तिथे अगदी डोक्यावर येतो, तेव्हा कुणाचीच सावली पडत नाही, देवळाची नाही आणि दारातल्या फुलवालीचीही नाही. बरं, शिखर वर निमुळतं होत जातं आणि तळाची बाजू साधारण ३० मीटर, त्यामुळे मार्चच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत माध्यान्ही टोकाची सावली शिखराच्या स्वतःच्या अंगावरच पडते, अंगणापर्यंत पोचतच नाही. मे महिन्याच्या सुट्टीत कुणी गेलं आणि गाइडने भर दुपारी "बघा, सावली दिसते का?" विचारलं तर खरंच टोकाची सावली खाली दिसणार नाही. तेव्हासुद्धा भिंतीच्या पायाशी सावलीची पट्टी असतेच, पण माणूस वर बघत असतो ना.

पण तेच २२ डिसेंबरला बघा. सूर्य माध्यान्हीसुद्धा डोक्यापासून ३४ अंश दक्षिणेला कललेला असतो, शिखराची सावली मध्यापासून उत्तरेला ४० मीटरच्या पुढे जाते, त्यातले १५ मीटर देवळाच्या तळावरच गेले असं धरलं तरी उरलेले २५ मीटर जाणार कुठे? अंगणातच की. आणि ते १२ पण घड्याळातले १२ नव्हेत, आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाच्या हिशोबाने चालतं, तंजावर त्याच्या पश्चिमेला, म्हणून तिथे सूर्य माध्यान्हीवर येतो तो १३-१४ मिनिटं उशिरा (थोडं मागेपुढे वर्षभर होतं). पुण्यात तर अर्ध्या तासापेक्षाही जास्त.

"जगात एकमेव", यावर काय बोलायचं. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या कुठल्याही गावात सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो. पुण्यात १३-१४ मेच्या आसपास साडेबाराला गच्चीवर जा, पाण्याच्या टाकीची सावली टाकीच्या बुडाखाली गेलेली दिसेल. त्याच दिवशी घड्याळाचे १२ धरून गेलात तर मीटरभर काठीची १३ सेंटिमीटर सावली पडलेली असेल आणि तुम्ही म्हणाल काय थापा मारतात लोक.

नासाचं सोडून द्या. बारा अंगुळांचा शंकू (म्हणजे सावली मोजायची उभी खुंटी) जमिनीत रोवून सावली मोजायचं गणित आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत आहे, १०१० मध्ये राजराज चोळाने हे देऊळ पुरं केलं त्याच्याही आधीपासूनचं. त्या लोकांना सावली कोडं वाटली असती तर मुहूर्त काढलेच नसते.

मला चुटपुट वेगळीच लागली. याच देवळात भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख आहे, तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला, भला लांबलचक, तमिळनाडूत उभं राहून आपली भाषा भिंतीवर वाचता येते. मराठी ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजात त्याचा एक शब्द नाही!

हे सगळं मामांना टाइप करून पाठवलं. बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत होतं, मग आलं, "शिलालेखाचा फोटो काढलास का?" नाही काढला, तेवढ्यात बॅटरी गेली होती. आहे तो आईचा, सावलीत पाय पसरून बसलेला, तोच पाठवला.