जलमनोऱ्याच्या दरजा सिमेंटने नकोत
विटांच्या जुन्या जलमनोऱ्याच्या उघड्या पडलेल्या दरजा (विटांमधले सांधे) सिमेंटने भरून घ्याव्यात, असं एका लेखात सुचवलंय. कृपया तसं करू नका! जुनी वीट मऊ, सिमेंट कडक. भिंतीत मुरलेली ओल दरजेतून बाहेर पडेनाशी होते, विटेतून सुकू लागते. मग लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि विटेचे पापुद्रे सुटतात. सिमेंटची रेघ तेवढी पुढे आलेली दिसते. हे नुकसान भरून येत नाही.

सुटलेला चुना छिन्नी-हातोडीनेच काढा, ग्राइंडर विटांच्या कडा खातो. खाचेची खोली दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट हवी. धुवून, विटा ओलसर असतानाच १ भाग चुना, ३ भाग वाळूचा मसाला दाबून भरा. काही दिवस ओलं गोणपाट लावा. हे सगळं करण्याआधी टाकीची आणि ओव्हरफ्लो पाइपची गळती थांबवा, नाहीतर सगळी मेहनत वाया.