येऊ दे, येऊ दे... बास!

यूटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर सामान वाहायची ती छोटी उघडी चारचाकी, पुढे दोन सीटं मागे सामानाचा हौदा वाली, ती चालवायला खरंच सोपी आहे, क्लच नाही, गिअरची फार भानगड नाही, आणि तीच तर सगळी गोची आहे. कारण सोपी दिसते म्हणून ती चालवण्याबद्दल प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असतं. ट्रक आला की हीच माणसं बाजूला होतात. ही आली की जवळ येतात.

पहिला मुद्दा बेल्टचा. मी बेल्ट लावला की कुणीतरी हसतंच, "एवढंसं तर जायचंय." अरे पण डोक्यावर तो लोखंडी सांगाडा दिलाय ना, तो गाडी उलटली तर आपल्यापुरती जागा शिल्लक ठेवतो, आणि त्या जागेत आपल्याला धरून ठेवतो बेल्ट. बेल्ट नसेल तर जागा वाचते, आपण बाहेर. आणि गाडी कलंडायला लागली की माणूस काय करतो? पाय बाहेर काढून टेकवतो, जणू सायकलच आहे! पाचशे-सहाशे किलोचं धूड पायाने थोपवणार हा.

मग हौदा. हौदा रिकामा दिसला की त्यात चढणारा एक असतोच. "मी मागे धरून बसतो ना." कशाला धरून? "हौद्याला." आणि हौदा उलटला की? यावर तो "तुम्ही फार विचार करता बुवा" म्हणून माझ्याकडे अशा दयेने बघतो की जणू आजार मलाच आहे. सामानाचंही तेच, जड वस्तू खाली आणि पुढे सरकवून ठेवायच्या हे सांगून माझं तोंड दुखतं, पण शेवटचं जड पोतं हमखास मागच्या फळीलाच टेकतं. मग चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नुसतं मनाच्या समाधानासाठी फिरवायचं. उतारावर आडवी घालू नका, सरळ चढा सरळ उतरा, हे तर मी आता पाळण्यातल्या बाळालासुद्धा सांगू शकतो.

पण हे सगळं काहीच नाही. खरी परीक्षा म्हणजे ती गाडी ट्रेलरवर न्यायची आणि तो ट्रेलर रिव्हर्स घ्यायचा.

ट्रेलर रिव्हर्स घेताना सगळं उलटं चालतं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे पळतो. यावर एक साधी युक्ती आहे, स्टिअरिंग खालच्या बाजूने धरायचं, मग हात जिकडे नेला तिकडेच ट्रेलर जातो. मला जमतं. पण तेवढ्यात तिथे चार जण उगवतात. एक डावीकडून "येऊ दे, येऊ दे", दुसरा उजवीकडून "कट मार कट मार", तिसरा बरोब्बर आरशात दिसणार नाही अशा जागी उभा राहून हातवारे करतो, आणि चौथा नुसताच मान हलवतो, हा सगळ्यात खतरनाक, कारण हो की नाही ते कळत नाही. "बास!" हा शब्द मात्र नेहमी धाडकन आवाज झाल्यानंतरच येतो.

बरं गाडी चढवली. आता वजन ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे हवं, म्हणजे ट्रेलर पुढच्या गाडीला जोडतो त्या जोडावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार येतो. वजन मागे गेलं तर वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग ड्रायव्हर प्रार्थना करायला लागतो. मी इंचाइंचाने सरकवत असतो तेव्हा मागून आवाज, "हँडब्रेक आहे ना, मग बांधायचं कशाला?" मी चारही कोपऱ्यांना पट्टे लावतो, पट्टा ताणायचं रॅचेट कचकचून आवळतो, मग तोच माणूस टायरला लाथ मारून सांगतो, "हलत नाही." थोडं पुढे जाऊन थांबून पट्टे पुन्हा बघावे लागतात, कारण हादऱ्यांनी ते सैल पडतात. मी उतरलो की आत बसलेले म्हणणार, "आता काय विसरलात?"

आणि टोचन! गाडी बंद पडली की दोरी घेऊन धावत येणाऱ्यांचा उत्साह काय वर्णावा. गाडी न्यूट्रलला हवी, वेग अगदी कमी हवा, दोरीपेक्षा लोखंडी दांडा बरा, आणि ओढायच्या गाडीत स्टिअरिंग-ब्रेक सांभाळणारा कुणीतरी हवा. इलेक्ट्रिक असेल तर ओढायचीच नाही, चाकं फिरली की मोटर स्वतःच वीज तयार करायला लागते, ती ट्रेलरवरच चढवायची. हे मी बोलत असतो तोवर दोरी बंपरला बांधून झालेली असते. मी ती सोडून हुकाला बांधतो. मग ताणलेल्या दोरीजवळून सगळ्यांना लांब हाकलतो, तर एक जण ती ओलांडता ओलांडता थांबून विचारतो, "काका, न्यूट्रल म्हणजे नक्की कुठला?"

हा आत स्टिअरिंगवर बसणार होता.