जनुकांच्या दोन याद्या का जुळत नाहीत? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमचा आक्षेप आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाचा (बी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या कर्करोगाचा) रुग्ण किती जगेल हे जनुक-अभिव्यक्तीवरून, म्हणजे गाठीत कोणतं जनुक किती सक्रिय आहे त्यावरून, वर्तवणारे दोन अभ्यास २००२ साली आले. एकाच्या यादीत १७ जनुकं, दुसऱ्याच्या १३, आणि दोन्हींत सामाईक जवळजवळ काहीच नाही. तेव्हा हा सगळा आकड्यांचा खेळ आहे, आणि वय, स्टेज, एलडीएच (रक्तात मोजलं जाणारं एक विकर) वगैरे पाहणारा जुना आयपीआय हा जोखीम-निर्देशांक पुरेसा आहे, असं तुम्ही म्हणता.

याद्या जुळत नाहीत हे खरंच. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. रोझेनवाल्ड आणि सहकाऱ्यांची १७ जनुकं जरा उलगडून पाहा. तीन जर्मिनल सेंटरमधल्या (लसीका ग्रंथीत बी-पेशी जिथे घडतात त्या भागातल्या) बी-पेशींची खूण सांगणारी, चार एमएचसी वर्ग-२ ची (प्रतिकारशक्तीला परकं काय ते दाखवणाऱ्या प्रथिनांची), सहा गाठीतल्या इतर पेशींची, तीन पेशी किती झपाट्याने वाढताहेत ते सांगणारी, आणि उरलेलं एक बीएमपी६ नावाचं. यातल्या प्रत्येक गटात मिळूनच वर-खाली होणारी आणखीही बरीच जनुकं असतात. त्यांपैकी कोणतं यादीत शिरेल, हे जनुकं मोजणाऱ्या चिपवर काय होतं आणि रुग्ण कोण होते यावर ठरतं. १३ जनुकांची यादी देणाऱ्या शिप यांच्या गटाची चिप वेगळी, निवडीची पद्धत वेगळी, रुग्ण ५८. नावं बदलली नसती तरच आश्चर्य वाटलं असतं!

मला २००४ चा लॉसॉस यांचा अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात सहाच जनुकं आहेत: एलएमओ२, बीसीएल६, एफएन१, सीसीएनडी२, एससीवायए३ आणि बीसीएल२. ६६ रुग्णांवरून बेतलेलं हे मॉडेल वर सांगितलेल्या दोन्ही गटांच्या आकडेवारीवर लावून पाहिलं, आणि ते दोन्हीकडे टिकलं. शिवाय आयपीआय जे सांगतो त्यात त्याने भर घातली. आयपीआयवरून आजार किती पसरलाय आणि रुग्ण किती खंगलाय ते कळतं; गाठ मुळात कोणत्या जातीची आहे ते कळत नाही.

एका बाबतीत मात्र तुमचा संशय रास्त आहे. हजारो जनुकं आणि मोजके रुग्ण असले की योगायोगानेही देखणा आलेख निघतो. म्हणूनच रोझेनवाल्ड यांनी २४० पैकी १६० रुग्णांवर मॉडेल बांधलं आणि उरलेल्या ८० जणांवर तपासलं. असा कुठलाही अभ्यास हाती आला की आधी हेच शोधावं.

‘रुग्णाला याचा काय उपयोग?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न. एकट्या माणसाला त्याची वर्षं मोजून द्यायला यातलं एकही मॉडेल वापरू नये. शिप यांच्या मॉडेलने ‘चांगला’ ठरवलेल्या गटातले ७० टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, म्हणजे ३० टक्के नव्हते. वाईट गटातलेही १२ टक्के होते. उपचाराचं म्हणाल, तर २०१९ च्या फिनिक्स चाचणीत ज्या गाठींत जर्मिनल सेंटरची खूण दिसत नाही त्या प्रकारासाठी आर-चॉप या नेहमीच्या केमोथेरपीला इब्रुटिनिब या औषधाची जोड दिली. एकूण रुग्णांत फायदा दिसला नाही. साठीच्या आतल्यांत तो दिसला. त्याहून वयस्करांना मात्र दुष्परिणामांमुळे केमोथेरपी पुरी करणंच जड गेलं. तिथे पुन्हा वय आलंच, आणि म्हणून आयपीआय मोडीत काढा असं मी कुठेही म्हणत नाही.