शाल नको, सेल आणा

वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना ‘दिवाळीला काय आणू?’ असं फोनवर विचारून काही उपयोग नसतो. ‘काही नको रे, आहे सगळं’ हे उत्तर ठरलेलं. मग आपण दुकानात जातो. दुकानदार वय विचारतो, आपण ऐंशी सांगतो आणि तो मागे न बघता फळीवरून शाल काढतो. ऐंशी पूर्ण झालेल्या माणसाला बारमाही थंडी वाजते, असा आपल्या व्यापाऱ्यांचा ठाम समज आहे. इकडे आश्रमात माणशी एक खाट, एक छोटं टेबल आणि फार तर अर्धं कपाट. त्या अर्ध्या कपाटात आधीच चार शाली असतात. एक सत्काराची, दोन कुठल्याशा मंडळाने फोटो काढून दिलेल्या आणि चौथी तुमचीच, गेल्या दिवाळीची. तिची पिशवीसुद्धा उघडलेली नसते, कारण ती नातसुनेसाठी राखून ठेवलेली असते. पाचवी घेऊन गेलात तर येताना चौथी तुमच्याच हातात पडणार.

तेव्हा फोन करायचा तो तिथल्या मावशींना. खरी खबर त्यांच्याकडेच असते. कवळी तोंडात असते की डबीत? साखर किती? पाणी पिताना ठसका लागतो का? पायांना सूज आहे का? कानाच्या मशीनला कितव्या नंबरचे सेल लागतात? एवढं विचारलं की निम्मी खरेदी आपोआप रद्द होते, आणि तेच हवं असतं.

आता फराळ. चकली कडक, खुसखुशीत हवी हा सुगरणीचा मान, पण तो कवळीला झेपत नाही. वरची कवळी टाळूला लाळेच्या पातळ थराने धरलेली असते. पुढच्या दातांनी चकली तोडायला गेलं की कवळीची मागची बाजू उचलली जाते, हवा शिरते आणि क्षणभर कोण कोणाला चावतंय हेच कळत नाही. चिवड्याची तऱ्हा वेगळी. पोहे, दाणे, डाळं आणि खोबऱ्याचे काप तोंडात एका वेगाने कधीच बारीक होत नाहीत. पक्षाघात किंवा पार्किन्सन्समुळे गिळायला त्रास होत असेल, तर हा कोरडा भुगा सरळ श्वासनलिकेकडे निघतो. बेसनाचा लाडू टाळूला जो बसतो तो तुळशीच्या लग्नापर्यंत. त्यातल्या त्यात गुणी म्हणजे मऊ रवालाडू, पण ठसका लागणाऱ्यांना तोही सिस्टरना विचारूनच.

‘शुगर फ्री’ मिठाईवर माझा विश्वास नाही. तिच्यात साखरेऐवजी गोडीसाठी बऱ्याचदा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल घातलेलं असतं. चार तुकडे जास्त गेले की पोट सुटतं, आणि संडास व्हरांड्याच्या टोकाला असेल तर दिवाळी पहाट रात्री दोनलाच सुरू होते. शिवाय मैदा आणि खवा साखर वाढवायची ती वाढवतातच. खजूर-अंजिराचे रोल ‘नैसर्गिक’ म्हणून विकतात. साखर त्यातही असते, आणि मूत्रपिंडं थकलेल्यांना त्यातलं पोटॅशियम बाधतं ते वेगळंच.

बरं, या सगळ्यांची तोंडं आधीच गोड झालेली असतात. महिनाभर आधी पितृपंधरवडा होऊन गेलेला असतो आणि गेलेल्यांच्या नावाने असलेल्यांना खीर-वडे वाढायला रांगा लागलेल्या असतात. लगेच दिवाळीचे डबे. जानेवारीत मात्र आश्रमाकडे चिटपाखरू फिरकत नाही. म्हणून माणशी दोन लाडू आणि मूठभर बारीक शेव एवढंच न्यावं. जास्त नेलंत तर ते उशाशी जपून ठेवलं जातं आणि तिसऱ्या दिवशी मुंग्या येतात. चकली न्यायचीच असेल तर मावशींना द्या, त्यांचे दात शाबूत असतात. डबाही पारखून घ्या. चारी बाजूंनी खटके असलेला हवाबंद डबा संधिवाताच्या अंगठ्याला उघडत नाही. अंगठा मुडपून नुसत्या तळव्याने झाकण निघालं तरच तो डबा न्यायचा.

तेल, उटणं आणि साबण असा अभ्यंगाचा तयार खोका दिसायला फार मंगल असतो. त्यातला तो गोल, गलेलठ्ठ साबण आखडलेल्या बोटांत मावत नाही. तो निसटतो, त्याला उचलायला आजोबा वाकतात आणि खाली तेलकट फरशी असते. नरकासुराने एवढी तयारी केली नव्हती. खुब्याचं हाड असंच मोडतं. तेल द्यायचंच तर छोटी बाटली मावशींच्या ताब्यात द्या. खुर्चीत बसवून लावायचं, तळपाय कोरडे ठेवायचे आणि मगच न्हाणीघर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खरखरीत उटणं नकोच, पातळ कातडीवर लगेच काळेनिळे डाग उठतात. साबणाऐवजी दाबायच्या पंपाची बाटली बरी.

पणतीचाही हट्ट नको. खोलीत ऑक्सिजनचं यंत्र असेल तर ज्योत अजिबात चालत नाही. बॅटरीवरच्या पणतीत बऱ्याचदा चपटा बटण सेल असतो आणि विस्मरणाच्या रुग्णाला तो औषधाची गोळी वाटतो. गिळला गेला तर अन्ननलिका भाजते. झाकणाला स्क्रू असलेली पणती शोधा.

कपड्यांत गाऊन पुढून पूर्ण उघडणारा हवा. मोजे सैल काठाचे, तळव्याला रबरी ठिपके असलेले. घट्ट इलॅस्टिक सुजलेल्या पायाला करकोचे पाडतं. प्रत्येक कपड्यावर आतून, न पुसणाऱ्या पेनाने नाव घालाच, कारण धुणं सगळ्यांचं एकत्र होतं आणि नाव नसलेला नवा सदरा आठवड्यात दुसऱ्याच आजोबांच्या अंगावर दिसतो. त्यांना तो शोभतोही.

वाचणाऱ्यांसाठी दिवाळी अंक आहेच. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने ही प्रथा सुरू केली, पण तो अंक छातीवर पेलून आडवं वाचायचा प्रयोग तेव्हा कोणी केला नसावा. जाड अंक कण्यातून उभा कापून तीन भाग करा आणि प्रत्येकाला स्वतंत्र पुठ्ठा लावा. साहित्यप्रेमींना हे पाप वाटेल. त्यांनी आधी मनगट दुखत असताना दोनशे पानं धरून दाखवावीत.

माझ्या मते सगळ्यात उत्तम भेट म्हणजे कानाच्या मशीनचे सेल. मशीन चार्जिंगवालं असेल तर प्रश्न नाही. सेलचं असेल तर पाकिटाचा रंग बघायचा. १० नंबरला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला केशरी आणि ६७५ ला निळा. सेल चालतो हवेवर. पाठीवरचं चिकट कागदी टोक ओढलं की छिद्रांतून हवा आत जाते आणि काम सुरू होतं. टोक काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मग बसवायचा. एकदा काढलेलं टोक परत चिकटवून सेल वाचत नाही. म्हणूनच एखादा प्रेमळ नातू ‘आजोबांना सोपं जावं’ म्हणून सगळ्या सेलची टोकं एकदम सोलतो, तेव्हा अख्खं पाकीट वाया जातं. एक सेल साधारण आठवडाभर जातो. म्हणजे दोन कानांना वर्षाला शंभरेक लागतात. पाकिटात सहा येतात, हिशेब तुम्हीच करा. सील शाबूत असेल तर ते काही वर्षं टिकतात, म्हणून साठा करायला हरकत नाही, फक्त पाकिटावरची तारीख बघा. खोलीतल्या शेजाऱ्यांचं मशीन त्याच नंबरचं असेल तर एक पाकीट त्यांनाही.

सेल बसवून झाल्यावर मात्र व्हरांड्यात उभं राहून, पुढच्या महिन्याचे पैसे कोणी भरायचे याची चर्चा हळू आवाजात करू नये. चांगलं ऐकू जातं.