पाय काढा, ट्रेमध्ये ठेवा

"भाऊ, असा पाय नाही भेटत का, ज्याच्यानं ते मशीन बोंबलणार नाही?"

नागपुरात मेडिकल चौकाजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये हा प्रश्न आता नेहमीचा झाला आहे. कृत्रिम पाय बनवणं हे माझं काम. भंडारा, गोंदिया, यवतमाळ, चंद्रपूर, तिकडून बालाघाट-छिंदवाड्याचेही पेशंट येतात. कुणाचा पाय रेल्वेखाली गेलेला, कुणाचा खाणीत, कुणाचा साखरेच्या आजाराने. पूर्वी विचारायचे, धुऱ्यावरून चालता येईल का, गाडीला किक मारता येईल का, जेवताना खाली बसता येईल का. आता पोरं पुण्या-बंगळुरूला नोकरीला असतात, तिकीट काढून मोबाइलवर पाठवतात, आणि आईबाप आयुष्यात पहिल्यांदा सोनेगावला विमान पकडायला निघतात. निघायच्या आधी पाय दाखवायला आमच्याकडे येतात आणि हा प्रश्न विचारतात.

उत्तर आहे, नाही भेटत. गुडघ्याचा सांधा स्टीलचा किंवा टायटॅनियमचा. खालची नळी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची. पाऊल नळीला जोडणारा बोल्ट लोखंडी. ज्यांना प्लॅस्टिकचा साधा पाय दिला त्यांच्याही पायात स्क्रू असतातच. पन्नास-साठ किंवा ऐंशी किलोचं माणूस दिवसभर ज्यावर उभं राहणार, त्यातून धातू पूर्ण काढून टाकायचा म्हटलं तर तो पाय शोकेसमध्येच शोभेल. म्हणजे मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जाताना माझा प्रत्येक पेशंट वाजणार. आज वाजणार, उद्या वाजणार, दर वेळी वाजणार. पुढे काय होतं, त्याबद्दल ही पोस्ट आहे.

मध्यंतरी आमच्या एक पेशंट, भंडाऱ्याकडच्या शिक्षिका, लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. येताना कुठल्या विमानतळावर घडलं ते इथे लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. बाईंचा पाय गुडघ्याच्या वरून गेलेला. पडद्याआडच्या महिला कर्मचारीने हातातलं यंत्र फिरवलं, ते वाजलं. बाईंनी साडी थोडी वर करून पाय दाखवला, पाय कृत्रिम असल्याचं आमचं पत्रही पुढे केलं. पत्र कुणी वाचलं नाही. "निकालिए." कुठे काढू? "यहीं." प्लॅस्टिकची खुर्ची दिली. काढलेला पाय चपलेसकट ट्रेमध्ये, मागे कुणाचा लॅपटॉप, पुढे कुणाचा पट्टा. एक्सरेच्या सरकत्या पट्ट्यावरून पाय पलीकडे गेला तेव्हा पडद्याबाहेर रांगेतल्या एका पोराने मोबाइल वर केला, असं त्या सांगत होत्या. फोटो काढला की नाही माहीत नाही. बाईंना वर्गात चाळीस पोरं गप्प करायची सवय, पण तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही म्हणाल्या.

आता या 'काढा'मध्ये काय काय येतं, ते मी सांगतो, कारण ते रोज माझ्या डोळ्यासमोर चालतं.

गुडघ्याखालचा पाय असेल तर पँट गुडघ्याच्या वर सरकवायची, लॉकची कळ दाबायची, सॉकेटमधून, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कवचातून, पाय ओढायचा, मग त्यावरचा सिलिकॉनचा लायनर, म्हणजे मऊ मोजा, उलटा करत उतरवायचा. आत घाम साचलेला असतो. एप्रिल-मे मध्ये आमच्या नागपुरात लायनर उतरवला की अक्षरशः पाणी गळतं. ते पुसल्याशिवाय पुन्हा चढवलं तर लायनर घसरतो, कातडी सोलते, फोड येतो, आणि फोड आला की आठवडाभर पाय घालता येत नाही. मधुमेहाच्या पेशंटला तर तो फोड परवडतच नाही.

गुडघ्यावरचा पाय असेल तर गोष्ट अजून वेगळी. तो मांडीच्या मुळापर्यंत येतो, कंबरेला पट्टा असतो. म्हणजे पुरुषाला पँट उतरवावी लागते आणि बाईला काय करावं लागतं ते लिहायची गरज नाही. परत घालताना काहींना सॉकेटच्या तळाच्या भोकातून कापड ओढून मांडी आत खेचावी लागते, तीही उभं राहून, कशाचा तरी आधार धरून. घरी यासाठी ठरलेला कोपरा असतो, भिंतीला दांडी असते. विमानतळावर मागे रांग असते आणि समोर "जल्दी कीजिए".

त्यात पाय उतरवला की उरलेला भाग, आम्ही त्याला स्टंप म्हणतो, थोड्याच वेळात सुजायला लागतो. सॉकेट मापात बसवलेलं असतं, स्टंपवर घालायच्या मोज्यांच्या एका थराचा फरक पडला तरी चाल बिघडते. या बाईंना पाय परत मिळाला, पण नीट चढला नाही. घरातून स्वतःच्या पायांनी चालत आलेली बाई गेटपर्यंत व्हीलचेअरवर गेली. मला सगळ्यात जास्त हे लागलं. त्यांना चालतं करायला आम्ही आणि त्यांनी महिनोन्‌महिने घातले होते.

"पण सुरक्षा नको का?" असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच बोलतो. हवी. आणि कृत्रिम पायात काही लपवता येत नाही, असा दावा मी करणार नाही. नळी पोकळ असते, सॉकेट आणि बाहेरच्या आवरणात जागा असते, हे मीच बनवतो म्हणून मला ठाऊक आहे. तपासणी व्हायलाच पाहिजे, माझे पेशंटही तेच म्हणतात, तेही त्याच विमानात बसणार असतात. मुद्दा एवढाच की धातूची चौकट वाजली यातून पायात धातू आहे यापलीकडे काही कळत नाही, आणि ते तर माणूस स्वतःच सांगतोय. खरी काळजी स्फोटकाची. त्यासाठी कापडाची पट्टी पायावरून, हातांवरून फिरवून यंत्रात घालतात, स्फोटकाचे कण असतील तर काही सेकंदांत यंत्र सांगतं. ही यंत्रं विमानतळांवर आहेत, बॅगांसाठी रोज वापरात आहेत. पट्टी फिरवा, हाताने चाचपा, पाय अंगावर असतानाच बघा. यातून खरंच संशय आला तर काढायला सांगा, पण बंद खोलीत, धड खुर्चीवर, धरायला आधार देऊन, पुसायला आणि चढवायला वेळ देऊन.

आणि गंमत अशी की हे मी नव्याने सांगत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अभिनेत्री-नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकून थेट पंतप्रधानांना विनंती केली होती की प्रत्येक वेळी मला माझा पाय काढायला लावतात, हे थांबवा. १९८१ च्या अपघातानंतर जयपूर फूट लावून पुन्हा रंगमंचावर उभी राहिलेली ही बाई, देशाने डोक्यावर घेतलेली, तिलाही चौकटीपाशी सूट नव्हती. विमानतळांवर तपासणी करणाऱ्या सीआयएसएफ या केंद्रीय दलाने माफी मागितली आणि त्याच माफीत सांगितलं की नियमानुसार कृत्रिम अवयव अपवादात्मक परिस्थितीतच काढायला लावायचा असतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की सुरक्षा तपासणीत कृत्रिम अवयव काढायला लावू नये, माणसाची प्रतिष्ठा राखली पाहिजे, आणि अपंग व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय उचलू नये. हे ज्या प्रकरणात म्हटलं ते जिजा घोष यांचं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या कार्यकर्तीला २०१२ मध्ये कोलकात्यात स्पाइसजेटच्या विमानातून उतरवलं होतं, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने १० लाखांची भरपाई द्यायला लावली होती.

म्हणजे नियम आहे, न्यायालय बोललेलं आहे, माफीही मागून झाली आहे. मग अपवाद रोजचा का झाला?

माझं मत सांगतो, पटलं तर बघा. चौकटीपाशी उभा असलेला जवान दुष्ट नसतो. बहुतेक जण चांगलेच असतात, "माताजी" म्हणून आदराने बोलतात आणि मग पाय काढायला सांगतात. कारण त्याचा हिशोब सरळ आहे. पाय काढायला लावला म्हणून कुणाची चौकशी लागत नाही, पण न काढता सोडला आणि पुढे काही निघालं तर नोकरी त्याची जाणार. 'परिस्थिती बघून निर्णय घ्यावा' असा नियम केला की परिस्थिती बघायची जबाबदारी साहेबांवरून उतरून कॉन्स्टेबलच्या अंगावर येते, आणि अंगावर आलेली जबाबदारी तो स्वाभाविकपणे पुढच्या माणसाच्या अंगावर ढकलतो. पुढचा माणूस म्हणजे माझा पेशंट, एका पायावर उभा.

म्हणून "जवानांना संवेदनशील करा" या मागणीत मला फार रस नाही. संवेदनशीलतेचं प्रशिक्षण म्हणजे एका हॉलमध्ये प्रोजेक्टर, गुलाबाचं फूल आणि ग्रुप फोटो, हे मी बघितलेलं आहे. मला पायऱ्या लिहिलेला कागद हवा आहे. आधी विचारा, मग पट्टी, मग चाचपणी. एवढं झालं की जवानाचं कर्तव्य पूर्ण झालं, पुढे काही झालं तरी त्याच्यावर बोट येणार नाही, हे त्यात लिहा. त्यापुढे जाऊन पाय काढायला लावायचा असेल तर वरच्या अधिकाऱ्याची सही आणि रजिस्टरमध्ये कारण. बघा मग अपवाद पुन्हा अपवाद होतो की नाही. सही करायची वेळ आली की आपल्याकडे भल्याभल्यांचा संशय मावळतो.

यंत्रांचं म्हणाल तर विमानतळ सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या बीसीएएस या सरकारी संस्थेने २०१९ मध्येच ८४ विमानतळांना मार्च २०२० पर्यंत बॉडी स्कॅनर बसवायला सांगितलं होतं. ती मुदत उलटून किती काळ झाला ते तुम्हीच मोजा. माझ्या पेशंटच्या नशिबी बहुतेक वेळा अजून तीच जुनी चौकट येते.

मी पायवाला आहे म्हणून पायाबद्दल इतकं लिहिलं. व्हीलचेअरवाल्यांचं दुखणं वेगळं. २०२४ च्या जानेवारीत कोलकाता विमानतळावर एका तरुणीला व्हीलचेअरमधून उठून उभं राहायला सांगितलं, एकदा नाही, तीनदा. ती सांगतेय की मला उभं राहता येत नाही, तरी. अंध माणसाची काठी एक्सरेला पाठवतात आणि तो तसाच मधोमध उभा राहतो. कर्णबधिराला मागून हाक मारतात. कानातलं यंत्र काढून ठेवा म्हणतात आणि मग सूचना देतात! ऑटिझम असलेल्या पोराच्या अंगाला अनोळखी हात लागला की काय होतं, ते त्याच्या आईला विचारा.

कुणीतरी कायद्याचं नाव काढेल. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात कलम ९२ आहे, चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. पण इथे 'हेतुपुरस्सर' सिद्ध कोण करणार? हेतू ड्युटी संपवून घरी जाण्याचा असतो.

तोवर माझ्या पेशंटना जे सांगतो ते इथेही सांगून ठेवतो. मदत हवी असेल तर तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, विमान कंपनीला कळवा. मदतीचे पैसे लागत नाहीत. चौकटीत शिरायच्या आधीच मोठ्याने सांगा, "मेरा पैर आर्टिफिशियल है, मशीन बजेगा." पट्टीची तपासणी तुम्हीच मागा. काढाच म्हणाले तर बंद खोली मागा आणि वरिष्ठ अधिकाऱ्याला बोलवायला सांगा, ते येईपर्यंत पायाला हात लावू नका. बाई असाल तर सलवार-कुर्ता सोयीचा, साडीपेक्षा. बॅगेत कोरडा नॅपकिन आणि मोज्यांचा जादा जोड ठेवा. आणि इतरांपेक्षा लवकर पोचा. हे शेवटचं सांगताना माझीच चिडचिड होते, कारण दोन पायांच्या माणसाला मी हे सांगत नाही. पण सांगतो.

आता एक आमंत्रण, मनापासून. नागपूर असो की दुसरीकडचं, विमानतळावर तपासणी करणारं कुणी ही पोस्ट वाचत असेल तर एकदा आमच्या वर्कशॉपला या. हार-तुरे नाहीत. टेबलावर गुडघ्याखालचा, गुडघ्यावरचा, सांध्याचा, साधा, सगळे पाय उघडून ठेवतो. कुठे धातू असतो, कुठे पोकळी असते, पट्टी कुठे फिरवली की पुरते, सगळं दाखवतो. आमचे दोन-तीन पेशंट बसायला तयार आहेत, त्यांच्यावर सराव करा, काय विचारायचं ते विचारा. मेसेंजरवर कळवा. रविवारी बंद असतं.

आणि ज्यांच्यावर हे बेतलंय त्यांनी खाली लिहा. कुणाचं नाव नको. कुठलं विमानतळ, कोणता महिना, पट्टीची तपासणी आधी केली का, खोली दिली का, एवढंच. सगळं गोळा करून बीसीएएसला पाठवणार आहे. बाईंनी त्यांचं लिहून दिलंय, शिक्षिकेच्या अक्षरात, दोन्ही बाजूंना समास सोडून.